हेलसिंकी मास्तर आणि न खेळलेला संघ

आमच्या शाळेत पीटीच्या मास्तरांकडे छडी नव्हती, शहरं होती. पोरगा उशिरा आला की ते विचारायचे, "कावून बे उशीर?" तो काय सांगतो ते पुरतं ऐकून घ्यायचे आणि मग निकाल द्यायचे, "हेलसिंकी." हेलसिंकी म्हणजे मैदानाला दहा चकरा. बावन्नच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताच्या फुटबॉल संघावर हेलसिंकीत दहा गोल चढवले होते, म्हणून दहा. नखं वाढलेली दिसली तर 'रोम'; तिथं पेरूनं आपल्यावर तीन केले होते, म्हणून तीन. 'मेलबर्न' म्हणजे चार, पण ती शिक्षा नव्हती. छप्पन साली आपण मेलबर्नला चौथे आलो होतो, म्हणून त्या चार चकरा मास्तर स्वतः पोरांबरोबर मारायचे. आणि वर्षातून एखाद्या वेळी, सगळं मनासारखं झालं की 'जकार्ता'. तिथं बासष्ट साली आशियाई खेळांत आपल्याला सुवर्णपदक मिळालं होतं. त्या दिवशी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे. भूगोलाच्या पेपरात 'हेलसिंकी कोठे आहे?' या प्रश्नाला एका पोरानं 'पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर' असं उत्तर लिहिलं होतं. मास्तरांनी भूगोलाच्या बाईंशी भांडून त्याला अर्धा गुण मिळवून दिला.

त्यांना सगळे हेलसिंकी मास्तरच म्हणत. अंगानं काटकुळे, खाकी अर्धी चड्डी कडक इस्त्रीची, डावा गुडघा चालताना किंचित बाहेर पडायचा. मूळचे आष्टीकडचे. आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा मामाकडे हैदराबादला शिकायला गेले आणि शिकण्याऐवजी फुटबॉल खेळले. त्या काळी देशाच्या संघात हैदराबादची पोरं भरलेली असत. मास्तर म्हणायचे, "मेलबर्नला गेलेल्यांच्या संगं मी सराव केलाय." यातलं किती खरं ते मी तपासलं नाही. त्यांना मैदानावर चेंडू अडवताना एकदा पाहिलं आणि तपासायची गरज वाटेनाशी झाली. गुडघा गेला म्हणून खेळ सुटला, आणि खेळ सुटला म्हणून ते आमच्या शाळेत आले.

शाळा वडवणीहून माजलगावकडे जाताना लागायची. साखर कारखान्याच्या शिक्षण मंडळाची होती. कारखाना सहकारी होता, म्हणजे सगळ्यांचा होता, आणि सगळ्यांच्या वतीनं चेअरमनसाहेबांचा होता. शाळेच्या फाटकावर त्यांच्या वडिलांचं नाव, वाचनालयावर आईचं, आणि ज्या टाकीमागं आमचं मैदान होतं त्या टाकीवर त्यांचं स्वतःचं. टाकीत पाणी क्वचितच असे. नाव मात्र दर दिवाळीला रंगवलं जायचं. मी तिथं मराठी शिकवायचो. माझं अक्षर बरं होतं आणि वाक्यं सरळ उतरायची, त्यामुळं शिक्षण मंडळाच्या सभेची इतिवृत्तंही माझ्याकडेच आली. त्याचा मला थोडा अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

मास्तरांचा एक संताप कायमचा होता आणि तो पन्नास सालचा होता. त्या वर्षी ब्राझीलमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला. आपल्या गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतली, म्हणून भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. आणि गेला नाही. 'आपले खेळाडू अनवाणी खेळायचे, बूट सक्तीचे होते, म्हणून गेलो नाही' ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती मास्तरांपुढं सांगायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये एकदा नव्या गणिताच्या सरांनी सांगितली, तशी मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली.

"बूट? बुटाचं कोन म्हनलं तुमाला?"

"तसं वाचलंय कुठंतरी."

"खेळाडू म्हनले का, आमी अनवानी हाओत, आमाला नका नेऊ? त्यांना कुनी इचारलंच न्हाई! कमिटी बसली, कमिटीनं ठरवलं. बोटीचा लांबचा प्रवास, सराव कमी, कुनाला घ्यायचं कुनाला न्हाई यावरनं तंडे. आन् ऑलिंपिकपुढं विश्वचषक म्हंजी काय मोठंसं, असंच त्यांना वाटायचं. खुर्चीत बसलेल्यांनी माघार घेतली आन् नाव लावलं पोरांच्या पायाला."

गणिताचे सर हसून म्हणाले, "जाऊ द्या हो मास्तर, गेले असते तरी हरलेच असते."

"हरले असते! हेलसिंकीला धा खाल्ले न्हाई का? खाल्ले म्हनून तर चार वर्सांनी मेलबर्नला चौथे आले. पन, सर, हरायला बी मैदानात जावं लागतं."

मला तेव्हा हे थोडं अति वाटायचं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका न झालेल्या प्रवासासाठी माणसानं किती चिडावं, असा माझा शहाणा प्रश्न होता.

त्यांचा संघ दरवर्षी दिवाळीला संपायचा. पोरं ऊसतोड्यांची. दसरा झाला की गावात ट्रक लागायचे, आई-बापांबरोबर पोरंही पश्चिमेकडच्या कारखान्यांवर निघून जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. शालेय स्पर्धा नेमक्या मधल्या महिन्यांत. मास्तर पावसाळाभर संघ बांधायचे आणि ट्रक सुरू झाला की फाटकाशी उभे राहून बघायचे. एकदा मी म्हणालो, "मास्तर, गावात घरं असलेली पोरं घ्या की संघात." ते म्हणाले, "त्यांचे पाय बघा, सर. आन् ह्यांचे बघा." मी बघितले नव्हते. मी वह्या बघायचो.

मग ऐंशीच्या दशकातला तो दुष्काळ आला. सिंदफणेचं पात्र पांढरं पडलं, ऊस उभ्या जागी वाळला आणि टोळ्या दसऱ्याचीही वाट न बघता निघाल्या. त्या वर्षी मास्तर अकरा घरं फिरले. प्रत्येक घरात त्यांनी एकच मागणं केलं, की पोरगा दोन महिने माझ्याजवळ ठेवा. कॅप्टन अंकुशचा बाप म्हणाला, "गुरुजी, ह्यो संगं असला म्हंजी मोळ्या वाहायला एक मानूस मिळतं. ठिवून काय करू?" मास्तर म्हणाले, "ह्याला राज्याला खेळवतो. माझा शब्द हाय." बापानं पोरगा ठेवला. अकराही बापांनी ठेवले. पोरं मास्तरांच्या दोन खोल्यांत झोपायची. मास्तरांच्या पत्नी पहाटे भाकऱ्या थापायला बसायच्या आणि पाण्याच्या टँकरच्या रांगेत तेरा जणांच्या तेरा घागरी लागायच्या.

संघ जिल्ह्यात पहिला आला. विभागाच्या स्पर्धेला औरंगाबादला गेले, तर समोरचे संघ आलेच नव्हते. दुष्काळात कोण पोरं पाठवतो. न खेळताच आमचा संघ विभागाचा विजेता ठरला, आणि राज्य स्पर्धेचं पत्र आलं. स्पर्धा कोल्हापूरला होती, जिथं फुटबॉल बघायला म्हाताऱ्या बायका सुद्धा भाकरी बांधून येतात असं मास्तर सांगायचे. त्या दिवशी जकार्ता झालं. मास्तरांनी शेंगदाणे वाटले, पण स्वतः खाल्ले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, न खेळता नंबर लागला. पन्नास सालावानी. मला भ्या वाटायलंय."

त्यांची भीती बरोबर होती, फक्त त्यांना तारीख माहीत नव्हती. कोल्हापूरचा पहिला सामना ज्या दिवशी होता, त्याच दिवशी कारखान्याचं मोळीपूजन ठरलं. हंगामाच्या सुरुवातीला पाहुण्यांच्या हातून उसाची पहिली मोळी गाळप यंत्राच्या गव्हाणीत टाकतात, तो समारंभ. मंत्री येणार होते. त्या वर्षी आमच्या भागात मोळीपुरताही धड ऊस नव्हता. तो बाहेरून आणवला होता. हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडू नये म्हणून माळावर टँकरनं पाणी मारणं सुरू झालं होतं, आणि त्याच टँकरची वाट बघत खाली वस्तीवर बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. हे सगळं यथासांग होण्यासाठी आता फक्त लेझीम पथक हवं होतं. आठवी ते दहावीची बाकीची बहुतेक पोरं ऊसतोडीला गेलेली. ठोक्यावर पाय टाकणारी, उन्हात चार तास उभी राहणारी अशी अकराच पोरं जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यात उरली होती, आणि त्यांना शिकवणारा एकच मास्तर होता.

आमच्या मंडळाची एक पद्धत होती. सभा नंतर व्हायची, ठराव आधी लिहिला जायचा. 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' हे शब्द मी सभेच्या दोन दिवस आधी लिहून ठेवायचो, शिपाई वही घेऊन सभासदांच्या घरोघर जायचा, कुणी जेवता जेवता सही करायचा, कुणी गोठ्यात. सभेला मग चहा असायचा. ही पद्धत मला गमतीची वाटे. चार लोकांत मी ती रंगवून सांगतही असे.

चेअरमनसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. म्हणाले, "संघ पाठवायचा नाही, सर. पण लेझीमसाठी ठेवला असं लिहू नका, वाईट दिसेल. काहीतरी शोभेल असं कारण घाला."

मी कारण घातलं. मला कुणी सुचवलं नव्हतं, ते माझंच. 'संघातील विद्यार्थ्यांच्या पायांत योग्य बूट नाहीत. परमुलुखात त्यांच्या कोवळ्या पायांना इजा पोहोचू नये या पालकत्वाच्या भावनेतून मंडळ या वर्षी संघ पाठविण्यापासून माघार घेत आहे.' 'पालकत्वाच्या भावनेतून' हे शब्द सुचले तेव्हा मी पेन खाली ठेवून एकदा वाक्य मनाशी म्हणून पाहिलं होतं. चेअरमनसाहेब म्हणाले, "वा." वही शिपायाबरोबर गेली. ठरावाची एक प्रत त्याच दिवशी कोल्हापूरला टपालानं रवाना झाली.

दोन दिवसांनी सभा झाली तेव्हा मास्तर आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दाराशीच उभं राहून म्हणाले, "साहेब, मी अकरा बापांना शब्द दिलाय. पोरं पाठवा. परत आल्यावर मला काढून टाका."

चेअरमनसाहेब गोड बोलणारे. "मास्तर, बूट नाहीत हो पोरांना. आम्हाला काळजी वाटते."

"बूट कदी व्हते? जिल्हा काय बूट घालून जिंकला का? सभेत चर्चा करा, मत घ्या. हात वर करायला लावा एकेकाला. माझ्या म्होरं."

एका सभासदानं कपबशी सरकवत म्हटलं, "मास्तर, चर्चा झालीय." मास्तर म्हणाले, "कदी?" आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण वही माझ्या मांडीवर होती. मी ती उघडली. सह्या वाळून दोन दिवस झाले होते.

मास्तरांनी त्या दिवशी आरडाओरडा केला नाही. तीन दिवसांची रजा टाकली, विभागाचं निवडपत्र खिशात घातलं आणि मोळीपूजनाच्या आदल्या दिवशी अकरा पोरं घेऊन एसटीनं कोल्हापूरला निघून गेले. पोरं तिथं उभी केल्यावर कोण परत पाठवेल, असा त्यांचा हिशेब असावा. मंत्र्यांपुढं आठवीच्या मुलींनी लेझीम खेळली. मंत्र्यांनी भाषणात चेअरमनसाहेबांच्या क्रीडाप्रेमाचा उल्लेख केला. तो मजकूरही मीच लिहून दिला होता.

कोल्हापुरात काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पोरं सकाळी मैदानावर पोहोचली. आयोजकांपैकी एकानं त्यांचे पाय बघितले आणि विचारलं, "बुटं न्हाईत व्हय? मग थांबा की वाईच, आणतो." तासाभरात तिथल्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमींमधून अकरा जोड जमा झाले. मोठे होते, पोरांनी बोटांशी चिंध्या कोंबल्या. अर्धा तास सराव केला. अंकुश दोनदा पडला आणि दोन्ही वेळा हसत उठला. बघायला गर्दी जमली होती, 'बीडची पोरं आलीत' म्हणून. मग स्पर्धेचे सचिव फाइल घेऊन आले. त्यांच्यापाशी आमच्या मंडळाचा शिक्क्याचा ठराव होता: संघ माघार घेत आहे. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "मास्तर, बुटांचं तर झालं. आता तुमच्या शाळेनं फोनवर एवढं सांगितलं की माघार रद्द, तरी मी खेळवतो." मास्तरांनी ट्रंककॉल लावला. कारखान्याच्या फोनवरच्या माणसानं सांगितलं, "सगळे मोळीला गेलेत." तासानं पुन्हा लावला. "सगळे जेवायला बसलेत." तोवर समोरच्या संघाला पुढे चाल दिली गेली होती. पोरांनी नाड्या सोडल्या, बूट जोडीनं लावून ठेवले आणि दुसऱ्यांचा सामना बघत बसली.

कोल्हापूरच्या आसपासचे कारखाने म्हणजे आमच्याच टोळ्यांची तोड. पोरांचे आई-बाप तिथून फार लांब नव्हते. मास्तरांनी दिलेला शब्द संपला होता, पोरं ठेवून घ्यायला कारण उरलं नव्हतं. दोन दिवस ते उसाच्या फडाफडांतून फिरले आणि ज्यांचे आई-बाप सापडले त्यांच्या हवाली पोरं करत गेले. अंकुशच्या बापानं काही विचारलं नाही. पोराच्या हातात मोळीची दोरी दिली. सहा पोरं तिथं राहिली, पाच परत आली. सहांपैकी एकही पुन्हा शाळेत आला नाही.

मास्तर परत आले त्या दिवशी मी त्यांना टाळत होतो. पाण्याच्या माठाशी गाठ पडलीच. त्यांनी पेला भरून घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं मराठी लई चांगलं हाय. कोल्हापुरात वाचून दाखवलं त्यांनी. पोरं म्हनली, आपल्या सरांचं वाटतंय."

त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. डोंगराकडच्या एका शाखेत बदली केली, जिथं मैदान म्हणजे उतार होता. ते गेले. उतारावरही पोरांना चकरा मारायला लावत असं ऐकलं.

इकडं माझ्या वाक्यानं चांगला जोम धरला. आधी ते वार्षिक अहवालात छापून आलं. मग चेअरमनसाहेबांच्या भाषणात शिरलं: 'राज्याचं बोलावणं असूनही लेकरांच्या पायांची काळजी म्हणून आम्ही मान नाकारला.' टाळ्या पडायच्या. साहेबांनंतर त्यांचे चिरंजीव चेअरमन झाले, त्यांनी त्यात भर घातली: आता पोरांनी स्वतःच, गरिबीच्या स्वाभिमानानं, बूट नाकारले होते. परवा एका शिक्षकानं मला हीच गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगितली. त्याला सांगून पाहिलं की असं झालं नव्हतं. तो म्हणाला, "सर, पण किती छान आहे ना!" हो, छान आहे. माघार घेणारे सुटतात, आणि चाळीस वर्षांनीही लोक पोरांचे पाय बघत बसतात. ब्राझीलच्या बाबतीत मास्तर एवढे का पेटायचे, ते मला स्वतः तसंच एक खोटं रचून कळलं. या रागाला आता माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव फारसं देता येत नाही. मंडळातले बरेचसे वारले, आणि मेलेल्यांवर नेम धरणं सोपं असतं.

निवृत्तीनंतर मास्तर आष्टीकडं आपल्या गावी राहायला गेले. मी बऱ्याच उशिरा, ते आजारी असल्याचं कळल्यावर गेलो. खाटेवर उठून बसले, माझी विचारपूस केली. मी तोंडातल्या तोंडात माफी मागितली, तशी त्यांच्या आवाजात जुनी धार आली.

"माजी माफी कावून मागताय? मी हैदराबादला पोटभर खेळलोय. माजं काय गेलं? ज्यांचं गेलं त्यांच्याकडं जा. अकरा हायेत. नावं ध्यानात हायेत का?"

मला सात आठवली. उरलेली चार त्यांनी सांगितली, कोण कुठल्या जागेवर खेळायचा त्यासकट. मी लिहून घेऊ लागलो तर म्हणाले, "लिहू नका. तुमी लिवलं की बिघडतं. ध्यानात ठिवा." त्याच पावसाळ्यात ते गेले.

मी अंकुशकडं गेलो. तो आता पन्नाशी ओलांडलेला, टोळीचा मुकादम आहे, वडवणीच्या पुढं वस्तीवर दोन खोल्या बांधल्यात. मी नाव सांगितल्यावर त्याला ओळख पटायला वेळ लागला नाही. मास्तर गेल्याचं त्याला माहीत होतं. अंत्ययात्रेला आष्टीला गेलो होतो, म्हणाला. मी ज्यासाठी आलो होतो ते सगळं सांगितलं. वही आधी लिहिली जायची ते, लेझीमचं, आणि बुटांचं कारण कुणाच्या डोक्यातून निघालं ते.

ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "सर, मला वाटायचं चेअरमननं लिवलंय. आमी त्यालाच शिव्या देत व्हतो इतकी वर्सं." मग म्हणाला, "तुमी आपून होऊन आलात, सांगितलंत, बरं झालं. पन मी तुमाला बसा म्हननार न्हाई."

आमच्याकडं वैरी दारात आला तरी त्याला बसा म्हणतात. त्याची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. अंकुशनं तो तिच्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला, आणि माझं पिऊन होईपर्यंत माझ्यासमोर उभा राहिला. मग तांब्या घेऊन आत गेला.

अजून दहा घरं राहिली आहेत.